निळ्या ड्रमाची विल्हेवाट

मी, विघ्नेश सखाराम घाडी, वय ५२ वर्षे ४ महिने, मूळ राहणार मौजे आंबेखोल, तालुका राजापूर, सध्या खोली २१४, कामगार कॅम्प, मुसफ्फा, अबुधाबी, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी भरीस न घालता, स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. शिक्षण आठवी, पुढचे डब्यांवरची लेबले वाचून शिकलो. यकृत कामातून गेले आहे. दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही, याची नोंद असावी.

१. आंबेखोलचे घर व मागची सात आंब्याची झाडे पत्नी दर्शना हिला.

२. पाणी तपासायची पेटी खोलीतला सोबती किसन याला. काचनळ्या अकरा, एक तडकलेली, ती वापरू नये.

३. आमचे इंजिनियर सुजीतसाहेब यांना काहीही नाही. चारचौघांत मला "आठवी पास केमिस्ट" म्हणाले. त्यांचे गणित मी दोनदा दुरुस्त केले आहे.

४. कंपनीतले बॉयलर गंजू नयेत म्हणून पाण्यात हायड्राझिन नावाचे रसायन सोडतात. ते मी अठरा वर्षे हाताळले. त्याचे रिकामे निळे ड्रम सात पाण्यांनी धुवायचो, आत डोके घालून वास घ्यायचो. वास नाही म्हणजे साफ. "घाडीनं हुंगलाय ना? मग न्या," म्हणत लोक ते अंघोळीच्या पाण्याला नेत, कपडे भरून कार्गोने गावी धाडत. धुण्याचे पाणी मी कॅम्पमागच्या कडुनिंबाला घातले. झाड वाळले. दोष उन्हाला दिला.

गेल्या वर्षी हायड्राझिनचे माहितीपत्रक शब्दकोश घेऊन प्रथमच पूर्ण वाचले. ते कातडीतून शिरते, यकृताला बाधते, कर्करोगाचा संशय आहे, पाण्यातले जीव मारते. आणि नाकाला वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. माझे यकृत त्यानेच गेले का, हे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. मीही लिहिणार नाही.

५. २०१४ साली मी घरी पाठवलेला निळा ड्रम माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत तळाला भोके पाडून निकामी करावा. जाळू नये, विहिरीजवळ पुरू नये.

इथवर वाचून दाखवले तेव्हा किसन म्हणाला, "मेल्यानंतर कशाला रे? वहिनी आजपण त्यातलंच पाणी पितायत ना? नाकाची लाज वाटते होय?"

सही थांबवून फोन केला. दर्शना हसली. "अहो, तुम्ही स्वतः हुंगून पाठवलाय. अख्ख्या वाडीत असा ड्रम नाही."

माझे नाक चुकले, असे मी सांगितले. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो. दर्शना म्हणाली, "सृष्टी त्याच पाण्यावर वाढली ना हो."

कलम ५ रद्द. ड्रमाला आज दुपारीच भोके पाडली. दर्शनाने धाडलेला फोटो पाहिला, भोके सहा. त्याऐवजी: आमची मुलगी सृष्टी, वय १३, हिची तपासणी उद्याच व्हावी. निकाल कोणताही येवो, मला कळवावा. काय झाले ते तिला मीच सांगणार आहे. तेवढा अवधी न मिळाल्यास हा कागद सर्वांत आधी तिच्या हाती द्यावा.

सही: वि. स. घाडी

साक्षीदार:
१. किसन बाबू तांबे
२. गनी, ड्रायव्हर. मराठी वाचता येत नाही. सही करताना पाहिले.

मुसफ्फा, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५