रिपोर्ट नॉर्मल आला

गुरुवार, दिवेलागण

पेणहून थायरॉइडचा रिपोर्ट आला. टीएसएच नॉर्मल, टी-फोरही नॉर्मल. डॉक्टर खूश. "गोळी लागू पडली, हीच चालू ठेवा." मग आज सकाळी कंगव्यात मूठभर केस कसे आले? एवढ्या उकाड्यात मी पायात मोजे घालून का बसलेय?

पहिल्या वेळी टीएसएच चढलेला आणि टी-फोर बरोबर होता. तेव्हाही काही कळलं नव्हतं, पण निदान एक बिघडलेला आकडा तरी माझ्या बाजूने होता.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, मीठ कुठलं खाता? म्हटलं, आमच्याच मिठागराचं. म्हणाले, पाकिटातलं आयोडीनवालं खा. मी खड्या मिठाची बरणी माळ्यावर टाकली. ज्या मिठावर घर उभं राहिलं त्याला सुनेने विष ठरवलं, असं सासूबाईंनी आळीभर केलं.

आज रिपोर्ट ऐकल्याबरोबर त्यांनी बरणी खाली काढली, फडक्याने पुसली, शेगडीजवळ जुन्या जागी ठेवली.

"चांगला हाय ना रिपोट? मंग ऊठ आता गो, कालवण कर."

उठले. केलं. मीठ कुठलं घातलं ते आता आठवत नाही. बरणीचं झाकण मात्र उघडं आहे. असं विसरणं कुठल्या आकड्यात दिसतं?

आजारी आहे म्हणायला आता हातात कागदसुद्धा नाही. मघाशी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून मागितलं, पुढचा रिपोर्ट वाईट येऊ दे.