बिडाच्या बाईची ओटी

२ जानेवारी १९६१

आली बापा एकदाची भिलाईले! लग्न झाल्यापासून तिरोड्याले सासूच्या हाताखाली दिवस काढले, आता कुठं यायले, माझ्या मालकाले, कारखान्याचं क्वार्टर भेटलं. दोन खोल्या, ओसरी, न घरातल्या घरात नळ! दादानं दिलेली ही वही कोरीच होती, म्हणलं भिलाईपासून सुरू करू.

सामान पाहून तर मी हरखलीच. शेजारीपाजारी बाजा न पाट, आमच्याकडे मालगुजाराचा थाट! कुठली तरी जुनी साहेबी कोठी पाडली, तिच्यातलं बिडाचं, ओतीव लोखंडाचं सामान भंगारात आलतं, भट्टीत वितळाले. हे तिथंच कामाले. साहेबाले विचारून घरी आणलं. एक खुर्ची, पाठीवर द्राक्षाचे घोस. एक टेबल, त्याचे पाय सिंहाच्या पंजाचे. न एक बाई. माणसाएवढी उंच, डोक्यावर दिव्याचा कलश धरून उभी. नेसण ना नऊवारी ना सहावारी, चादर गुंडाळल्यावाणी, एक खांदा उघडाच. मले हसू आलं. यायनं सांगतलं, लय जुनी आहे, विलायतेची. म्हणलं बरं झालं, दिवा धराले फुकटची मोलकरीण भेटली.

७ जानेवारी

हे रोज ड्युटीवरून येतात, हातपाय धुतात, न जवसाचं तेल घेऊन तिच्यापाशी बसतात. गंज चढते म्हणे. बोटाबोटाच्या मधात, मानेवर, त्या उघड्या खांद्यावर तेल चोळतात. मी चहा घेऊन उभी, तर चहा थंड. माझ्या डोक्याले तेलाचं बोट कधी लावलं नाही या माणसानं.

पलीकडची गयाबाई, तिचा नवरा क्रेन चालवते, ती हसून हसून लोटपोट. म्हणे, शेवंता, तुले तर सवत आली वं. मीही हसली. पण जेवण काही गेलं नाही. खोटं कावून लिहू, जळली मी. बिडाच्या ठोकळ्यावर जळली.

१५ जानेवारी

काल माझी पहिली संक्रांत. काळं लुगडं नेसली, हातभर हिरवा चुडा भरला. हे ओसरीवरून आत आले, न पह्यले तिच्याकडे पाहून म्हणाले, दिव्याच्या उजेडात काय खुलली ही! माझ्याकडे नजरही नाही.

सगळ्या बाया हळदीकुंकवाले जमल्यावर गयाबाई माझी ओटी भराले उठली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणलं, माझी कावून, घरची मालकीण ती उभी आहे, पह्यला मान तिचा. बाया खिदळल्या. मग मीच तिले हळदकुंकू लावलं, माझ्यासाठी आणलेला खण न नारळ तिच्या हातावर ठेवला. बाया म्हणे, आता नाव घ्याले लाव तिले! ती काय घेणार. मीच तिच्या कानापाशी उभी राहून, तिच्या वतीनं घेतलं:

भिलाईच्या भट्टीत लोखंडाचं पाणी,
चंपतरावांचं नाव घेते, मीच या घरची राणी.

घर डोक्यावर घेतलं बायायनं. गयाबाई तेवढी चपला शोधाले उठली. जाताना म्हणे, असं करू नये शेवंता, दिलेली ओटी कोणी परत देत नसते. आन् तू तर आपल्या मालकाचं नावही तिलेच देऊन बसली.

माझी ओटी भरायचं राहूनच गेलं.

२४ जानेवारी

तिचं कुंकू चिंचेनं घासलं, राखेनं घासलं. निघत नाही. माझ्या कपाळावरचं मात्र टिकत नाही. लावलं की भुकटी होऊन नाकावर येते.

३० जानेवारी

आंग जड झालं आहे. बाजेवर बसली तर नवार तुटली. हे हसले, म्हणले भिलाईचं पाणी मानवलं तुले. तवा उचलला तर चटका लागला नाही. हात पाहिला, काही नाही. पंच्यानं आंग पुसलं तर पंच्यावर तांबडं. गंज आहे तो. मी ओळखते, रोज तिचा पाहते.

तिच्या खांद्याले हात लावला. गरम आहे. ज्वारीच्या भाकरीसारखी गरम.

६ फेब्रुवारी

गयाबाई दारातून आली. शेवंता म्हणून हाक मारली. मी ओ दिली. पण ती त्या बिडाच्या बाईशी बोलून राहिली — भाजी काय केली, सिविक सेंटरच्या बाजारले येतेस का — न मी मधात उभी. मी ओरडली. गयाबाईनं माझ्या डोक्यावर हात टेकवला, जसा खांबाले टेकवते.

१२ फेब्रुवारी

रडली आज. यायले म्हणलं, ती नाही तर मी, एकच राहील या घरात. पाठवा तिले भट्टीत. हे लगेच हो म्हणले! जागा अडून राहिली म्हणे, उद्याच ट्रक बोलावतो. मी मनातल्या मनात नाचली. जळू दे सटवी.

पण बोलताना हे पाहत होते तिच्याकडे. न म्हणले, तू म्हणशील तसं, शेवंता.

यायचं नाव घेऊन यायले थांबवावं म्हणलं. उखाण्यात घेतात तसं. ओठावर आलंच नाही. मागं पान उलटून पाहिलं, तर उखाणा आहे, नावाच्या जागी मले तांबडा डागच दिसते.

१३ फेब्रुवारी

भोंगा झाला. ट्रक दारात. हमाल दोर न बांबू घेऊन —

चुलीपाशी कोणी बसलं आहे. काळं लुगडं, माझं. हिरवा चुडा, माझा. हे तिच्या केसाले तेल लावून राहिले. बोटानं. हळूहळू.

पाय हलत नाही. हात वर गेला, खाली येत नाही. दुसऱ्या हाताची पेन्सिलीची बोटं तेवढी —

दोर माझ्या कमरेले बांधून राहिले. हे सांगतात, सांभाळून रे बाबू, बीड आहे, पडलं तर फुटते —

एक हाक मारली तर ओळखतील. एकच. यायचं नाव जन्मात कधी तोंडानं माझ्यासाठी घेतलं नाही, तिच्यासाठी घेतलं, आता माझ्यासाठी एकदा — आहे, येते ओठावर, च —