तात्यांचं रक्त आधी बोललं

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा तुमची ही लेक शाळेत होती. आता सोलापुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते. गेल्या महिन्यात तुमच्या धाकट्या भावाला, आपल्या तात्यांना, सांगोल्याहून इथं आणलं. डावी बाजू लुळी, तोंड वाकडं. मेंदूच्या नसेत गुठळी अडकलेली, थेट तुमच्यासारखीच. पण दुसऱ्या दिवशी तात्या हसले, बोटं हलवली आणि काकूंच्या जिवात जीव आला. घरच्या डाळिंबांचा रस घेऊन त्या कॉटजवळ उभ्या. "दोन घोट घिऊ दे की गं, लई सुकल्यात." मला मात्र तुम्ही आठवलात. तुम्हीही असेच हसला होतात, पाहुणे निर्धास्त होऊन परतले होते, आणि मग ताप चढला, छाती भरली, तुम्ही गेलात.

तात्यांचा नमुना मशीनमधून निघाला आणि मी बघतच राहिले. सूज दाखवणारा आकडा चढलेला. खात्रीसाठी काच रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली, तर इजा झाली की धावून जातात त्या पांढऱ्या पेशींची ही गर्दी! आजाराशी नेटानं झुंजणाऱ्या दुसऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या. ताप नाही, खोकला नाही, माणूस हसतोय, आणि आत केवढी धावपळ! मार बसला मेंदूला, पण खबर अंगभर गेलेली. इतकी वर्षं हे काम करतेय अण्णा, तरी काच पुन्हा एकदा फिरवून बघितली. रोजचीच साधी तपासणी ती, आणि तिच्यात एवढं दिसावं?

डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, पण असं रक्त असलं की न्यूमोनियाची भीती जास्त. गिळता येतंय का बघितल्याशिवाय थेंबभर पाणी नको, ते छातीत उतरलं तर तेच निमित्त होईल." मी रसाचा पेला उचलून बाजूला ठेवला. काकू भडकल्या, "रक्त बघून बघून लई शानी झालीस व्हय गं?" गिळण्याच्या तपासणीत तात्यांना ठसका लागलाच. जेवणासाठी नाकातून पोटात नळी घातली. पुढं तापही आला, पण या खेपेला सगळे त्याच्यावर डोळा ठेवून होते. औषध लगेच सुरू झालं. तात्या वाचले.

काल घरी जाताना त्यांनी माझा हात धरला. जीभ अजून जड. "अण्णाला मीच च्या पाजला हुता, बशीनं. ठसका लागला त्येला, तरी म्हनलं, पी की. त्यानंच गेला का गं त्यो?" एवढी वर्षं त्यांनी हे कुणापाशी काढलं नव्हतं. मी म्हणाले, "न्हाय तात्या. तुमच्या च्यानं कायबी झालं न्हाय." ते हमसून हमसून रडले, मग काकूंचा हात धरून गाडीत बसले.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि तात्यांच्या हाती तर पडायलाच नको. खरं काय ते मला माहीत नाही, अण्णा. मी सरळ ठोकून दिलं.