दमणला निघालो आणि वऱ्हाडी झालो

नाशिक

तीर्थरूप धोंडीरामकाका,

जमीलचा सलाम, बिलकिसचा आदाब आणि पोरांचा दंगा, तिन्ही गोड मानून घ्या. कुसाकाकूंचा गुडघा कसा आहे? कळवणला ऊन फार असेल, त्यांना दुपारी शेतात जाऊ देऊ नका. अब्बा गेल्यापासून घरात काही चांगलं घडलं की त्यांच्या दोस्ताला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ह्या वेळी तर छाती इतकी फुगलीय, की मीच शिवलेला शर्ट मला आवळतोय.

सुट्टीत पोरांना समुद्र दाखवायला दमणला न्यायचं ठरलं. आखणी माझी. सगळं जग पेठच्या रस्त्याने जातं, म्हणून मी सुरगाण्याची वाट निवडली (तिथे गर्दी नसते हे खरं, काही ठिकाणी वाटही नसते). गाडी बिलकिस चालवत होती, मी शेजारी बसून रस्ता सांगत होतो, आणि ती माझं न ऐकता बरोबर जात होती. सहावीतली इन्शा मागे. तिसरीतल्या फरहानने पोहायची ट्यूब घरूनच फुगवून आणलेली, समुद्रावर गेल्यावर वेळ जायला नको म्हणून!

सुरगाण्यापुढच्या घाटात एक जीप बंद पडलेली. बाजूला हळद लावलेला, बाशिंग हातात धरलेला नवरदेव. नाव फकिरा. बाकीचे वऱ्हाडी डोंगरवाटेने चालत पुढे गेलेले, आणि त्याची मावशी मंगलाबाई येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती. कुणी थांबेना. आम्ही थांबलो. "पोरा, तिकडं लगीन खोळंबलंय," एवढंच ती म्हणाली. नवरीचं गाव नेमकं उलट्या दिशेला. मी जरा चाचरलो. (दिवस मावळायच्या आत दमण, हे मीच ठरवलेलं.) तेवढ्यात इन्शा म्हणाली, "अब्बू, समुद्र उद्यापण तिथंच असेल. ह्यांचं लग्न आजच आहे ना?" फरहानचे डोळे भरले होते. तरी त्याने सरकून नवरदेवाला जागा दिली आणि माझ्या मांडीवर येऊन बसला. बिलकिसने तोवर गाडी वळवलीसुद्धा!

काका, बाशिंग बांधलेला नवरदेव, मांडीवर बदकाच्या तोंडाची ट्यूब, अशी वरात सुरगाण्याने पहिल्यांदाच पाहिली असेल. मांडवाच्या तोंडाशी नवरीचा बाप रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. फकिराला उतरताना पाहिलं आणि त्याने आधी बिलकिसचेच पाय धरले. अक्षता पडल्या, आम्ही पोटभर वरण-भात जेवलो. मग त्या लोकांनी काही केल्या सोडलं नाही, आणि आम्ही दमणच्या खोलीवर पाणी सोडलं. सुट्टी संपेपर्यंत तिथेच होतो. नदीच्या डोहात गावातली सगळी पोरं त्या बदकावर पाळीपाळीने बसली आणि पाळ्या फरहानने लावल्या. अब्बा असते तर अख्ख्या गल्लीला सांगत फिरले असते. ते नाहीत, म्हणून तुम्ही कळवणभर सांगा.

काकूंना सलाम.

तुमचाच,
जमील

ता. क. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा दमणचा बेत आहे. तुमची मोठी जीप हवी, आणि चालवायला तुम्ही. फकिरा, त्याची बायको आणि मंगलाबाईही येणार आहेत. इन्शाने परस्पर आमंत्रण देऊन टाकलंय.

पुन्हा ता. क. मुंबईला गेलो तो कापडबाजारापुरताच, त्यामुळे समुद्र मीही पाहिलेला नाही. पण पोरांना लाटांबद्दल बरंच सांगून बसलोय. तिथे पोचल्यावर मी गप्प झालो, तर जरा सांभाळून घ्या.