गवंड्याचा उजवा हात

५ मार्च
यंत्राचा पट्टा सैल, दिवा पाठीमागे, आणि वर म्हणे रोज काय शिवलं ते वहीत लिहा! चौथी शिकलेल्या बाईला हा जाच कशाला? पण जेलरसाहेबांचा हुकूम. दर शनिवारी वही वाचून सही करतात. असो. तुरुंगातली का होईना, पगाराची नोकरी आहे. खोलीत छान ऊन येतं. पहारेकरी मला मावशी म्हणतो आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा सदरा रफूला टाकतो. लबाड! बारा चादरींना दुमड घातली. रमेन मी इथे.

११ मार्च
फाशीच्या कैद्याचं माप घेतलं. गवंडी आहे. त्याला नवे कपडे, तोंडावर घालायची काळी टोपी, आणि त्याच्या वजनाची वाळू मावेल असं पोतं शिवायचंय. दोर टिकतो का ते आधी पोतं लटकवून बघतात म्हणे. बाहीसाठी हात वर कर म्हटलं, तर उजवा खांद्याच्या वर जाईना. मी धरून उचलला. हाड अडतं. आठ वर्षांपूर्वी परांचीवरून पडला होता. आणि उजव्या हाताने मालकाच्या डोक्यात वरून कुऱ्हाड घातली म्हणून याला फाशी! वकिलाला सांगितलं नाहीस का, म्हणून विचारलं. वकील दोनदाच भेटला म्हणाला, दोन्ही वेळा घाईत.

१२ मार्च
साहेबांना सांगितलं. हसले. मावशी, तुम्ही मापं घ्या, न्यायाचं कोर्ट बघेल म्हणाले. मी म्हटलं, माझी बाही चुकली तर उसवता येते, हे कुठून उसवणार? डॉक्टर तरी बोलवा. तर म्हणे फाशीने लोकांना जरब बसते. कसली जरब? बराकीत पाय ठेवायला जागा नाही.

१५ मार्च
सगळं वर लिहिलंय. तरी आज खाली नुसती सही. वाचलं असतं तर—
फाशीचा दांडा ओढणारा म्हणतो हुकूम साहेबांचा. साहेब म्हणतात कोर्टाचा. मग मारतं कोण? पोतं तर मी शिवलं.

१८ मार्च
पहाटे दिली फाशी. दुपारी पोतं माझ्याकडे आलं, रिकामं करायला. वाळू गरम होती. अंगासारखी.

२ सप्टेंबर
मालकाच्या पुतण्याने कबूल केलं. कुऱ्हाड त्याने घातली. गवंडी उगाच—
साहेब म्हणतात, ती फाईल बंद झाली.

२० डिसेंबर
पुतण्यालाही फाशी. हा वजनाला जास्त, तेच पोतं वाढवून द्या म्हणे. एका मुडद्यापायी दोन माणसं!

२१ डिसेंबर
कोपऱ्यातलं रिकामं पोतं फुगतंय. वाळू मी भरलेली नाही. त्याची उजवी बाजू आपसूक वर जाते— अर्ध्यावर— अडते. परत वर जाते—

२२ डिसेंबर
साहेब, सही नको. डॉक्टर का बोलावला नाही? उत्तर याच वहीत, तुमच्या अक्षरात, शुक्रवारपर्यंत. तोवर सुई हातात धरणार नाही. पुतण्यासाठी पोतंही वाढवून देणार नाही. शुक्रवारी उत्तर आलं नाही, तर हे फुगलेलं पोतं तुमच्या टेबलावर आणून ठेवीन.