कमरेत दोन इंच

चिमीच्या आईस,

पत्र पोचलं. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

चिमीनं शेजारच्या काकूंचा पडदा वीतभर आखूड शिवला, म्हणून तू शिलाई मशीनच्या झाकणाला कुलूप लावलंस. अगं, पंधरा वर्षांची पोर घरोघरी विचारून काम आणते! मी इथं कारखान्यात वीस वर्षं शर्टांना डाव्या बाह्याच जोडतोय. उजवी मागायची हिंमत झाली नाही.

कुलूप काढ. काकूंकडे तिलाच जाऊ दे, तू मध्ये पडू नकोस. खाली झालर लावून चालेल का, ते तिचं तिनं विचारावं.

गावी येणाऱ्या सोबत्याबरोबर माझी पॅन्ट पाठवतोय. कमरेत दोन इंच आत घ्यायची आहे, टाचण्या लावल्यात. मलाही जमलं असतं, पण काम तिला द्यायचंय. टाके उसवले तर परत पाठवीन, बाप म्हणून सांभाळून घेणार नाही.

आणि पॅन्ट सैल कशी झाली, हे दोघींनी विचारायचं नाही. गिऱ्हाइकाला असलं काही विचारत नसतात.

तुझा आणि तिचा,
चिमीचा बाबा