माझं इंजिन मिसिंग मारत नाही

५ ऑक्टोबर

या दोन हातांनी केलेल्या वस्तू: भंगारातल्या जीपच्या एक्सलवर उभं केलेलं सोयाबीनचं मळणीयंत्र (केनवडात अजून चालू). सायकलच्या चाकावर चालणारा फवारणी पंप. दुकानाचं शटर. लेकीचा, उज्ज्वलाचा पाळणा, लोखंडी, वेल्डिंगचा. बायकोचा, चंदाबाईचा पोळपाट. थोडा डुगडुगतो, पण ओटाच वाकडा आहे. आणि ऐकायची सळई: तीन सुती, करंगळीएवढी जाड, एका टोकाला बाभळीचा गोळा. टोक इंजिनला लावायचं, गोळा कानामागच्या हाडाला. कुठला वॉल्व्ह आजारी आहे ते इंजिन स्वतः सांगतं.

सगळं बघून बघून शिकलो. कोणी शिकवलं नाही.

व्यायामवाल्या बाईंनी उजव्या हाताने रोज लिहायला सांगितलं, म्हणून ही वही. अक्षर हललं आहे. पुठ्ठा मऊ आहे.

६ ऑक्टोबर

गेल्या महिन्यात दुकानात पाना हातातून गळला, तोंड एका बाजूला ओघळलं, वाशीमला दवाखान्यात पडून होतो. हात परत आला. म्हणजे प्रकरण मिटलं. पण डॉक्टर म्हणतात, मेंदूत अडकलेली गुठळी हृदयातून आली असावी. भरती असताना पडद्यावर थोडा वेळ ठोके अनियमित दिसले होते. हृदयाचा वरचा कप्पा नीट दाबण्याऐवजी नुसता थरथरतो, रक्त साचतं, गोठतं, आणि एक दिवस गोळा सुटून डोक्यात जातो.

समजलं मला. टाकीच्या तळाला गाळ, गाळ नोझलमध्ये. डॉक्टरांपेक्षा चांगलं समजलं. फक्त माझ्यात तसं काही नाही. पडद्याची अर्थिंग सैल असणार.

रक्त पातळ ठेवायची गोळी, दोन वेळा. एकही चुकवू नका म्हणाले. दुसरा झटका पहिल्यासारखा सोडत नाही म्हणे. घाबरवणं हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे.

८ ऑक्टोबर

छातीला पट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरी एका डबीला. उद्या दुपारपर्यंत डबी माझा ठोकान्‌ठोका टिपणार. टिपू दे.

संध्याकाळी मनात आलं, डबीच बिघडलेली असली तर? कोणतंही मीटर आधी चांगल्या नगावर लावून बघायचं, हा माझा नियम. घरात चांगला नग एकच. लग्नापासून चंदाबाईचं डोकंसुद्धा दुखलेलं नाही. वायरींच्या रंगांचा क्रम लिहून घेतला आणि सगळ्या तिला लावल्या. ती म्हणाली, काहून वो, मले कायचा रोग लागला? मी म्हणालो, अर्धाच तास.

९ ऑक्टोबर

रात्री डबी काढायची राहिली. तिचा डोळा लागला, मग माझाही. सकाळी उठून पाहतो तर चंदाबाई विळा घेऊन, डबीसकट, शेजारच्या रूपलाच्या वावरात सोयाबीन सोंगायला गेलेली. पदराखाली कोणाला दिसली नाही. दुपारी वाशीमला जाऊन परत केली. फार तपशील सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही.

१२ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचा भाग खराब आहे, पट्ट्या सैल झाल्या असतील, तेवढ्यासाठी पुन्हा लावू. पुढचा सगळा उत्तम. सकाळी मात्र ठोके जलद आहेत, काही कष्टाचं काम केलंत का? मी म्हणालो, हो, थोडं सोंगलं. चंदाबाई छताच्या पंख्याकडे बघत बसली.

तोवर गोळ्या चालू ठेवा म्हणाले. ते त्यांना म्हणावंच लागतं.

१४ ऑक्टोबर

रिपोर्ट लॅमिनेट करून दुकानात लावला. वाशीमचे रज्जाकभाई पार्ट द्यायला आले. त्यांचं पंप-इंजिनचं मोठं दुकान आहे. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. दौलतभाऊ, तुमचं दिल तर जवान पोरासारखं हाय, म्हणाले. मी म्हणालो, मेन्टेनन्स.

रात्री जेवताना चंदाबाई म्हणाली, माहं काळीज भिताडाले टांगलं अन् नाव तुमचं.

एवढ्या वर्षांच्या संसारात तुझं-माझं काय करायचं.

१७ ऑक्टोबर

विचारपूर्वक निर्णय. रिपोर्ट चांगला असताना गोळी घेणं म्हणजे चालत्या इंजिनचं हेड उघडणं. बंद. चंदाबाईने हातावर ठेवली की तोंडात धरायची आणि दुकानात जाऊन वायसरच्या डब्यात टाकायची. खोटं बोलत नाही. तिने विचारलं, घेतली का? घेतली होतीच.

२० ऑक्टोबर

पीठगिरणीची मोटर मिसिंग मारते आहे. दर काही ठोक्यांनी एक गाळते, मग दोन घाईने. गिरणीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, कालच नवी बसवली. नव्या मालाला हल्ली दर्जा नाही.

२२ ऑक्टोबर

गोविंदसिंगचं मळणीयंत्राचं इंजिन. त्याची तक्रार फक्त धुराची. सळई लावली. मिसिंग, अगदी स्पष्ट. हेड उतरवलं, वॉल्व्ह घासले, नोझल बदललं, दोन दिवस त्याची मळणी थांबली. सगळं चांगलं निघालं. परत जोडून सळई लावली. मिसिंग.

गोविंदसिंग म्हणाला, काका, इंजिन बरोबर चालून राह्यलं, तुमीच मिसिंग मारून राह्यले. चारचौघं हसले. मीही हसलो.

पुढचं इंजिन तो वाशीमला नेणार आहे. जाऊ दे.

२६ ऑक्टोबर

पंखा. नळाची मोटर. समोरच्याची मोटारसायकल. सगळ्या गावालाच काहीतरी झालं आहे. डिझेलमध्ये भेसळ असावी. पंखा डिझेलवर चालत नाही हे मला माहीत आहे.

२९ ऑक्टोबर

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. सळईचं टोक छातीला लावलं, गोळा कानामागे. सळई लांब आहे, मान वाकडी करावी लागते, नीट बसत नाही.

ऐकलं.

सळई लांब आहे. नीट बसत नाही.

३१ ऑक्टोबर

उज्ज्वला आली. ती वाशीमच्या शाळेत शिकवते. आईने तिला डबीचं सगळं सांगितलं. पोरीने भिंतीवरचा रिपोर्ट काढून पिशवीत घातला. मग म्हणाली, बाबा, पुन्हा डबी लावायची, सोमवारी, मी नेणार. मी हो म्हणालो. गोळ्या चालू आहेत ना, विचारलं. त्यालाही हो म्हणालो.

आज संध्याकाळपासून सुरू करायच्याच होत्या. पण वायसरच्या डब्यातल्या ऑइलमध्ये भिजल्या आहेत, आणि नव्या मागितल्या तर चंदाबाई हिशेब लावेल. सोमवार काय लांब नाही.

१८ नोव्हेंबर

डावा हात. हळू.

सोमवार यायच्या आधी रविवार आला. चहा पिताना. कप आधी पडला की मी, आठवत नाही. चंदाबाईने गाडी बोलावली. डॉक्टरांनी नवी डबी लावली, दवाखान्यातच, कुलूप लावल्यासारखी. पूर्ण दिवस, माझेच ठोके. पहिल्या दिवशी म्हणाले होते तेच निघालं.

उजवा हात मांडीवर आहे. पाहुण्यासारखा.

दुकान आवरताना चंदाबाईला डबा सापडला. भांडेल वाटलं. तिने गोळ्या फडक्यावर ओतल्या, एकेक पुसली. मग म्हणाली, मले मांगायच्या ना. आता ती गोळी जिभेवर ठेवते, पाणी देते, तोंड उघडायला लावून बघते.

२१ नोव्हेंबर

रज्जाकभाई टेम्पो घेऊन घरी आले. म्हणाले, दौलतभाऊ, हात कायले पाहिजे तुमाले? हात मी ठेवतो नोकरीले. वऱ्हाडात तुमच्यासारखा कान नाही. खुर्चीवर बसा, ऐका, अन् सांगा.

टेम्पोत नवं कोरं इंजिन होतं, कंपनीतून तपासून आलेलं. चालू केलं. माझी सळई त्यांनी स्वतः धरली, गोळा माझ्या कानामागे टेकवला. चंदाबाई दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती, इंजिनकडे नाही.

एक ठोका गाळला. मग दोन घाईने.

सळई काढायला सांगितली. इंजिन बंद करायला सांगितलं. बंद झालं. तरी कानात चालूच.

मीटर चांगल्या नगावर तपासायचं असतं. नग चांगला होता.

रज्जाकभाईंनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, इंजिन चांगलं आहे. मला जमणार नाही.

महिना अठरा हजार देणार होते. जाण्या-येण्याला गाडी.